नातीच्या कामाची चौकशी

२०२३ सालचा उन्हाळा. नवी नवरी होऊन माझी नात नवऱ्यामागे न्यूझीलंडला निघाली. तिकिटाला मी चार मेंढ्या विकल्या. "उसन्या घेते," म्हणाली.

तिकडे काम मिळेना. शेवटी मेंढ्या पाळणाऱ्या एका मालकाने, लग्नाआधी ती माझ्याच मेंढ्या राखायची म्हणून, तिची चौकशी करायला मला व्हिडिओ कॉल लावला. दुभाषी तीच.

"आज्जा, मी कामाला कशी, विचारतोय."

"चांगली हाय. पण एक कोकरू तुझ्या आळसानं मेलं, ते बी सांग की."

"आज्जा, काम जाईल!"

"सांग म्हनलं न्हवं!"

तिने रडत सांगितलं. मालक हसला.

"काय म्हनतोय?"

"म्हणतोय, ही आजारी मेंढी लपवणार नाही. सोमवारपासून ये."

दिवाळीला तिच्या पगारातून घेतलेल्या चार मेंढ्या गावी होटगीला माझ्या दारात आल्या.