सातवं विधान

हॅलो?… फेना? बोल गं पोरी… हो, भाड्याचा कोट आला. शेपटीवाला! पोटावर बसत नाही, पण उद्या तुझ्या पीएचडीच्या सभेत तुझा सोबती म्हणून श्वास रोखून उभा राहीन बाजूला…

काय?… आईने चुगली केली वाटतं! अडखळलो म्हणजे… हो, तुझ्या प्रबंधासोबतच्या सातव्या विधानावरच. बाकीची घडाघडा वाचतो…

छे, शब्द कसले अवघड! जन्मभर टपाल वाटलंय मी, कुणाचंही अक्षर वाचतो…

हो, हो… अगं ऐक ना! प्राध्यापकांनी त्यावरच विचारलं, तर रीतीप्रमाणे सोबत्याने, म्हणजे मलाच, भर सभेत वाचायचंय ना ते? “आभासी कण खरे नसतात, ते गणितापुरते असतात”… बघ, आत्ताही अडलोच.

एकदा नीट सांग मला. सुरुवातीला नसतात… शेवटीही नसतात… फक्त मधे. बरं. दिसले कुणाला?… कुणालाच नाही. आणि वगळले तर?… उत्तर चुकतं?

मग खरे नाहीत कसे गं?

…हो, तू ते हिवाळ्यात लिहिलंस. मे महिन्याच्या आधी… अगं, कणांबद्दलच आहे, कळतं मला! पण दवाखान्यातून आल्यावर तू म्हणालीस, “बाबा, अकरा आठवड्यांचं तर होतं. ते धरू नका.” मी मान डोलावली. खोटी डोलावली गं…

रागावू नकोस. आपण घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस लिहितो ना, त्या संडासातल्या कॅलेंडरवर लिहिलंय मी. एकोणीस नोव्हेंबर, डॉक्टरांनी दिलेली तारीख. तुझ्या आजोबांच्या नावाखाली. ‘छोटं’. पेन्सिलने, बारीक… हो, तुला न विचारता. चुकलंच. म्हणशील तर खोडतो…

फेना?… रडतेयस?…

काय? आत्ता जाऊन बघू? अगं, आत तुझी आई आहे!… आउक्ये, आटप गं, फेना काहीतरी बघायला सांगतेय… हां, निघाली.

थांब, अजून ऑक्टोबरचंच पान आहे… उलटतो… सतरा… एकोणीस…

अगं… ही तर शाई. हिरवी. माझ्याच अक्षरावरून गिरवलेलं…

तू?… कधी?… रविवारी जेवायला आलीस तेव्हा? तिकडे टेबलावर सूप गार होत होतं तेव्हा?…

हो… हो गं बाळ…

उद्या विचारू देत त्यांना. सातवं मी खणखणीत वाचतो. वगळले तर उत्तर चुकतं, हे पुढचं तू सांग.

नाही, मी कुठे रडतोय!… ठेवतो आता. तुझी आई चष्मा घेऊन आलीय, तिलाही बघायचंय.