नमस्कार, सुनंदा

अगं, जुन्या ब्राउझरचा सपोर्ट काढणं, म्हणजे त्यावर साइट चालणं बंद करणं, हे किरकोळ काम. आमच्या मँचेस्टरच्या मंडळाची वेबसाइट मीच बघते, म्हणून मीच काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळातल्या वसंतकाकांचा फोन. "साइट उघडत नाहीये गं. 'तुमचा ब्राउझर जुना झालाय' म्हणते."

मला वाटलं, वयस्कर माणूस, अपडेट जमत नसेल. रविवारी ट्रामने शिकवायला गेले, तर टेबलावर जुन्या कॉम्प्युटरशेजारी नवाकोरा टॅबलेट!

"काका, यावर चालते की साइट!"

"चालते ना. गणपतीच्या कार्यक्रमाची तिकिटं त्यावरच काढली मी."

"मग हा जुना कॉम्प्युटर कशाला हवाय?"

"सुनंदाचा आहे. ती गेली, पण तिचं लॉगइन तसंच राहिलंय. साइट उघडली की वर 'नमस्कार, सुनंदा' असं येतं. सकाळचा चहा मी इथंच घेतो."

"पासवर्ड बदलून देऊ का? मग टॅबलेटवरही येईल काकूंचं नाव."

"नको. तिनं टाकलेला आहे, राहू दे."

त्या कॉम्प्युटरवर नवा ब्राउझर चालणार नव्हता. मी तिथंच लॅपटॉप उघडला आणि जुन्या ब्राउझरपुरतं, वर नाव दाखवणारं एक साधं पान परत चालू केलं.

आता कमिटीत दर मीटिंगला कुणीतरी विचारतंच, "ते जुनं पान अजून कशाला ठेवलंय?"

"एक मेंबर वापरतात."

"कोण, वसंतकाका?"

"नाही. सुनंदाकाकू."