नव्या कार्डातलं धुकं

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "आजोबा, किती बिटचं हवंय?" आता मी काय सांगणार! जन्मभर मालाची लॉरी चालवली, शाळा चौथीतच सुटली, मला कुणी टायरचा नंबर विचारला तर झोपेतून उठून सांगेन, पण बिट? मी आपलं म्हटलं, "बाबा रे, मला काय, रस्ता दिसला म्हणजे झालं!"

तुम्ही म्हणाल, हा म्हातारा एरवी दारात उभा राहून नुसती मान हलवतो, आज याला झालंय काय? अहो, विषयच तसा आहे. ऐका तर...

डोळ्यांच्या डॉक्टरांनी लायसन सोडायला लावलं. सोडलं. मग मी घरात असा बसलो, असा बसलो, की बायको म्हणाली, "या माणसाला एक तर गाडी द्या, नाही तर मला दुसरं घर द्या." तेव्हा आमची नात धावून आली. लेकीची लेक, लांबच्या गावी नोकरीला असते, आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिनं आपला जुना कॉम्प्युटर आणून मांडला, त्याला खोटं स्टिअरिंग लावलं आणि आत लॉरीचा खेळ घातला. रोज संध्याकाळी ती तिकडून, मी इकडून, एकाच रस्त्यावर दोन लॉऱ्या, दोघांच्या कानांवर हेडफोन! आणि तुम्हाला सांगतो, फोनवर ही पोरगी काय बोलते? "बरी आहे, जेवले, ठेवू?" मी म्हणतो, "बरं." संपलं! पण एकदा लॉरीत बसली की... साहेब कसा ओरडला, खोलीतली मैत्रीण कशी घोरते, कुणा मुलाचा फोटो बरा वाटला पण कान जरा मोठे आहेत... सगळं! आणि मीही बोलतो हो. हातात स्टिअरिंग असलं की मला सुचतं.

तर झालं काय, त्या खेळाचा नवा नकाशा आला. भिंगरी म्हणाली, "आजोबा, हा तुमच्या ग्राफिक्स कार्डावर चालायचा नाही. फार जुनं झालंय." कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती जाडजूड पट्टी, जी पडद्यावर चित्रं काढते. ती दमली म्हणजे रस्ता बंद. आणि रस्ता बंद म्हणजे आमचं बोलणं बंद! मग काय, कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि निघालो दुकानात, जावयाला बरोबर घेऊन.

इथंच चुकलो.

जावई म्हणजे भिंगरीचा बाप. सोन्यासारखा माणूस, पण चप्पल घ्यायची तरी डाव्या पायाची उजव्याशी तुलना करून घेणार. त्यानं जुनं कार्ड काढून ठेवलं, शेजारी नवं ठेवलं आणि सुरू! "बाबा, जुन्यात मेमरी दोन जीबी, नव्यात आठ!" म्हटलं, चौपट माल मावतो, घ्या! "थांबा हो. जुन्याचा रस्ता दोनशे छप्पन बिटचा, नव्याचा एकशे अठ्ठावीसच." म्हणजे? "म्हणजे मेमरीतून माल यायचा रस्ता निम्माच रुंद!"

अहो, मी उडालोच! नवं म्हणायचं आणि रस्ता निम्मा? तर दुकानदार हसतोय. "आजोबा, पण या रस्त्यावरून माल पळतो जोरात. शिवाय दाराशीच मोठं गोदाम दिलंय, सारखं लांब जावंच लागत नाही. म्हणून उलट काम लवकर होतं." ऐकलंत? रस्ता निम्मा केला आणि म्हणे वाहतूक सुधारली! हे ज्यानं काढलं त्याला एकदा घाटात, समोरून ट्रेलर येताना, माझ्या शेजारी बसवायला हवा होता! पण आपण कशाला बोला. मला काय, रस्ता दिसला म्हणजे झालं.

जावई कुठला थांबतोय! "जुनं वीज खातं एकशे सत्तर वॅट, नवं एकशे पंधरा. म्हणजे बाबा, काम कितीतरी जास्त आणि खाणं कमी!" जास्त ओझं ओढून कमी खाणारं? लॉरी तर असली कधी भेटली नाही मला. बायको भेटली.

"जुन्याला दोन पंखे, नव्याला तीन!" घ्या! "जुन्याचा आकडा मोठा आहे, नव्याचा लहान दिसतोय..." घ्या हो! "पण त्याच्या शेजारचं जे आहे..." दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेवटी मीच नवं कार्ड उचलून दुकानदाराच्या हातात दिलं, म्हटलं बसव. तर ते डब्यात मावेना! माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब! त्यानं आतली एक जाळी काढली, तेव्हा कुठं बसलं.

घरी आणून चालू केलं, तर आवाजच नाही. जुनं कार्ड कसं, चढ लागला की घों घों करायचं, खरंच इंजिन आहे असं वाटायचं. मी बॅटरी मारून आत पाहिलं... तिन्ही पंखे ठप्प! दुकानदाराला फोन लावला, "अहो, तुमचे तीनच्या तीन पंखे मेले!" तो म्हणतो, "आजोबा, काम नसलं की ते थांबतात. काम द्या, फिरतील." बायको आतून ओरडली, "तसलंच एक आहे आमच्याकडे, पण काम दिलं तरी फिरत नाही!"

असो. संध्याकाळ झाली, हेडफोन चढवला, खेळ सुरू केला आणि... काय सांगू तुम्हाला! जुन्या कार्डावर लांबचं काही दिसायचंच नाही. चार झाडं आणि पुढं सगळं पांढरं. मी आपला धुक्याचा रस्ता समजून दिवे लावून तीसच्या वेगानं चालवायचो. आरसेसुद्धा बंद ठेवलेले, कार्डाला झेपायचे नाहीत म्हणून. आणि आता? डोंगर! नदी! नदीवरचा पूल, पुलावरचा दिवा! आणि लांब त्या वळणावर कडेला एक लाल लॉरी, दिवे लुकलुकवत उभी.

म्हटलं, "अगं भिंगरे, पुढं कुणाची तरी गाडी बंद पडलीय बघ."

"आजोबा, ती मीच."

"तू? तू तर माझ्या मागं असतेस ना?"

ती हळूच म्हणाली, "मी कायम पुढंच असते, आजोबा. पुढं जाऊन थांबते. तुम्ही जवळ आलात की निघते."

अहो, दोन वर्षं! दोन वर्षं मी तिला सांगतोय, "मागं राहा बाळ, घाई करू नकोस, माझे दिवे बघत ये." आणि ही दोन वर्षं "हो आजोबा, हो आजोबा" म्हणत पुढं थांबलेली!

मला इतकं भरून आलं की मी ॲक्सिलरेटर दाबला. पोरीला अजून किती ताटकळत ठेवायचं! कधी नव्हे ती लॉरी अशी पळवली, की भुर्रकन मुक्कामाला! भिंगरी म्हणाली, "वा आजोबा, पोचलात पण! चला, ठेवते."

ठेवते? अगं, त्या मोठ्या कानांच्या मुलाचं काय झालं ते अर्धवटच राहिलं ना! बायको दारात उभी, "विचारलंत का?" कसलं विचारतोय!

म्हणून दुसऱ्या दिवशी मी परत तीसवर. तिसऱ्या दिवशीही तीसच. भिंगरी वळणावर थांबलीय, मला लख्ख दिसतेय, मुलाचं सांगतेय... भेटलेत म्हणे दोघं, कान तितकेसे मोठे नाहीत! एवढ्यात मधेच विचारते, "आजोबा, नवं कार्ड असून इतके हळू का?"

आता काय सांगायचं? तोंडातून निघून गेलं, "अगं, याच्यातही थोडं धुकं आहे."

"धुकं? शक्यच नाही! कार्डच बिघडलेलं दिसतंय. कुणी हात लावू नका, मी रविवारी येते आणि स्वतः बघते. त्यालाही घेऊन येते, त्याला कार्डातलं सगळं कळतं."

बायको तेव्हापासून पडदे धुतेय. जावई जुन्या-नव्याचे सगळे आकडे पाठ करतोय. आणि मी आपला त्या पडद्यासमोर बसलोय... डोंगर दिसतोय, नदी दिसतेय, झाडाचं पान न् पान दिसतंय! मला काय, रस्ता दिसला म्हणजे झालं, म्हणत होतो ना? दिसला. चांगला लख्ख दिसला. आता तुम्हीच सांगा... रविवारपर्यंत मी धुकं कुठून आणू?