चंदेरी गाडीचा हॉर्न

इरफानलाच विचारा, खोटं नाय सांगत. पेणला मेव्हण्याकडं आम्ही दोघं रेसच्या गेममध्ये दोन विलायती स्पोर्ट्स कार एकेक करून पळवत होतो. हिरवी भारी की चंदेरी, ते ठरवायला. हिरवीचा हॉर्न जाडा, चंदेरीचा बारीक, किंचाळल्यासारखा.

इरफान कंपनीची बस चालवतो. हिरवी घेतली आणि गडी वळणावळणाला हॉर्न देत सुटला. आमच्याकडं रोह्याजवळ, खांब गावच्या वळणावर तिथल्या देवाला हॉर्न दिल्याशिवाय कोणी पुढं जात नाय.

मी हसलो, "अरे, विलायतेत कुठला आलाय तुझा देव?"

मग मी चंदेरी घेतली. एका वळणावर ती दर वेळी उलटायला लागली.

"हॉर्न दे," इरफान म्हणाला.

दिला. गाडी अलगद निघाली आणि मागून तसाच बारीक हॉर्न आला. ट्रॅकवर दुसरी गाडीच नव्हती.

"गेममधला आवाज असेल," म्हणत आम्ही उठलो.

भर दुपारी माझ्या गाडीनं रोह्याला परत येताना खांबच्या वळणावर मी सवयीनं हॉर्न दिला. मागंपुढं रस्ता मोकळा. तरी मागून उत्तर आलं, तसाच बारीक, किंचाळल्यासारखा हॉर्न.

माझा हात आरशाकडं गेला, तो इरफाननं धरला.

"मागं बघू नको. चंदेरीच हाय."