सवतीसाठी लाल गुलाब

नैरोबीच्या फुलबाजारात रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या.

“बदामाच्या आकारात लाल गुलाब बांधून दे गं.”

“लग्नाला का, आजी?”

“मयताला. माझी सवत गेली.”

“मग पांढरे घ्या. लाल नवरा बायकोला देतो.”

“त्यानं तिला कधी एक फूल दिलं नाही.”

“आणि तुम्हाला?”

“मला कुठलं! पण माझं दूध आटलं, तेव्हा तिनं माझ्या गितोंगाला स्वतःच्या पोरीबरोबर पाजलं. वर्षभर. कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही.”

फुलवालीनं हातातला फुलं बांधायचा तारेचा सांगाडा ठेवला आणि सगळ्यात मोठा काढला.

“रिबिनीवर काय लिहू, आजी?”

“लिही, ‘गितोंगाच्या आईला’.”

“पण त्याची आई तर तुम्ही ना?”

“मी एकटीच कुठे होते!”