दीपगृहाच्या दाराची तक्रार

मला एवढंच सांगा, त्यांना कळलं कसं? दोन वर्षं ज्या कंपनीला आमची तक्रार दिसली नाही, तिला माझा दादा गेल्यावर बरोबर पाचव्या आठवड्यात ती कशी दिसली? हे मी कंपनीच्या मदत विभागाला विचारलं, टायरच्या दुकानात आमच्या मालकांना विचारलं, घरी आईला विचारलं. मदत विभाग म्हणाला, तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मालक म्हणाले, जॅक लाव. आईने सुईत दोरा ओवला. तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही, पण पाच आठवडे म्हणजे काय... वाट बघत बसले होते का?

तक्रार कसली म्हणाल, तर गेमची. हसू नका. दादा ऑफिसांमधले प्रिंटर दुरुस्त करायचा, आणि ऑफिसवाले जे कॉम्प्युटर भंगारात टाकायचे त्यांचे तुकडे जोडून त्याने घरी एक मशीन बनवलं होतं. त्यावर त्याने लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे, सगळं जग ज्या सिस्टीमवर कॉम्प्युटर चालवतं ती सोडून दुसरी, लोकांनी मिळून बनवलेली, म्हाताऱ्या मशीनवरही न कुरकुरता चालणारी. दादाचं तिच्यावर प्रेम. मला विचाराल तर, ज्या वस्तूला कोणीच मालक नाही तिच्यावर मी आधी संशय घेतला होता. पण मशीन चालायचं, आणि त्यावर आम्ही दोघं एक गेम खेळायचो.

गेम असा, की एक बेट आहे, वादळ आहे, आणि दोन माणसं आहेत. निळ्या कोटातला दादा, पिवळ्या कोटातला मी. टेकडीवर दीपगृह. एकाने खाली कंदील वर धरून उभं राहायचं, बटण सोडायचं नाही, आणि त्या उजेडात दुसऱ्याने दाराची कडी ओढायची. दार उघडलं की वर जाऊन दिवा लावायचा, जहाजं वाचतात, गेम संपतो. एवढंच. कंदील नेहमी दादा धरणार, कारण माझ्याच्याने बटण इतका वेळ दाबून धरवत नाही, मी मधेच उड्या मारतो.

आणि दार उघडायचं नाही! कडी ओढा, ढकला, मी तर लाथा मारल्या, दार ढिम्म. एकोणीस वेळा आम्ही त्या टेकडीवर चढलो. मी म्हटलं, दादा, गेमच तसा असेल, काही दारं नसतात उघडायची. तो म्हणाला, "मूर्खा, बाकी जगाला उघडतंय. फक्त लिनक्सवाल्यांना उघडत नाहीये."

मग काय, दादाने कंपनीला तक्रार लिहिली. तक्रार कसली, प्रेमपत्रच म्हणा. कुठे उभे होतो, काय दाबलं, मशीनने काय नोंदवलं, सगळं. त्याची एक वही होती, तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची.' म्हणजे एक बदल करायचा, बघायचं, लिहायचं, मग दुसरा. मी एका वेळी तीन बदलायचो आणि काय झालं ते मलाच कळायचं नाही, म्हणून वही त्याच्याकडे आणि कंट्रोलर माझ्याकडे.

चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. प्रिय खेळाडू, आम्ही तपासलं, आमच्या मशीनवर दार उघडतं.

आता मला सांगा. मी आठवीत शाळा सोडली, टायरच्या दुकानात लागलो. गिऱ्हाईक येतं, म्हणतं हवा जाते. आम्ही ट्यूब काढतो, पाण्यात बुडवतो, बुडबुडा शोधतो. आम्ही कधी असं म्हणतो का, की साहेब, आमच्या गाडीची हवा जात नाही, आता तुम्ही निघा? म्हणून बघा उद्या मालकांसमोर, तो पाना डोक्यात बसेल! मी संशयी माणूस नाही, पण मला तेव्हाच वाटलं, या लोकांनी ट्यूब पाण्यात बुडवलीच नाही.

बुडबुडा शेवटी दादानेच शोधला. तीन महिने लागले. कडी ओढली की कडीचा आवाज वाजतो, आणि तो आवाज संपला की दार उघडतं, अशी त्यांची रचना. लिनक्सवर तो आवाज वाजतच नव्हता. त्यामुळे दार बिचारं आवाज संपायची वाट बघत उभं. दादाने तेही कळवलं. फुकटात! त्यांचं काम याने करून दिलं, बुडबुड्यावर खडूची खूण करून ट्यूब हातात दिली. उत्तर आलं, प्रिय खेळाडू, लिनक्सला आमचा अधिकृत पाठिंबा नाही, तरी आपली तक्रार नोंदवली आहे, स्थिती प्रलंबित.

मी म्हटलं, बघ, म्हणजे कचऱ्यात. दादा म्हणाला, नाही रे, तिथेही एखादा असेल माझ्यासारखा, त्याला वेळ मिळाला की करेल. असा माणूस. मी कंपनीवर संशय घ्यायचो आणि हा कंपनीतल्या न पाहिलेल्या माणसाची बाजू घ्यायचा. दर महिन्याला नवीन आवृत्ती आली की आम्ही टेकडी चढायचो, दार बघायचो, उतरायचो.

मग त्याला ताप आला. अकरा दिवस. डॉक्टरांवरही मी संशय घेतला, तपासणीच्या कागदांवर घेतला, सलाईनच्या बाटलीवर घेतला, काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर मी काय केलं असेल तर बंद करणं. त्याचा फोन नंबर बंद केला. बँकेचं खातं बंद केलं. त्याच्या कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र परत दिलं. सगळीकडे तोच एक कागद, सगळीकडे तोच आवाज, मूळ प्रत दाखवा. दाखवली बाबा. प्रत्येक जण कागद बघणार, माझ्याकडे बघणार, आणि धाडकन शिक्का मारणार.

आणि पाचव्या आठवड्यात त्याच्या मेलवर हे. प्रिय खेळाडू, आनंदाची बातमी, दाराची अडचण नव्या आवृत्तीत दूर केली आहे. चौदा दिवसांत तपासून कळवावे, अन्यथा 'तक्रारदार प्रतिसाद देत नाही' असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात येईल.

प्रतिसाद देत नाही! माझा दादा! जो माणूस चुकून लागलेल्या फोनवरही पाच मिनिटं बोलायचा! दोन वर्षं प्रतिसाद कोण देत नव्हतं? आणि शेरा कोणाला? तुम्हाला सांगतो, माझं डोकं असं फिरलं की मी चुकीच्या चाकाचे नट सोडले. आणि मेल मी वाचला बाराव्या दिवशी. म्हणजे हातात दोन दिवस.

एक दिवस नवी आवृत्ती उतरवण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. दुपारी मशीनसमोर बसलो, आणि घाईत काय केलं, आवाजाची सेटिंग बदलली, पडद्याची बदलली, आणि एक वायर काढून दुसरीकडे लावली. गेम सुरूच होईना. मशीनवर ओरडलो, मशीन शांत. मग वही काढली. 'एका वेळी एकच.' वायर परत जागेवर. बघितलं. लिहिलं. पडदा पहिल्यासारखा. बघितलं. लिहिलं. आवाज. गेम सुरू. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की मी काय बिघडवलं होतं.

आता कंदील कोण धरणार? घरात मी आणि आई. आई कपडे शिवते, शिलाई मशीनवर बसली होती. मी दादाचा कंट्रोलर तिच्या हातात दिला, म्हटलं हे एक बटण दाबून धरायचं, बस.

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. पडद्यावर निळ्या कोटाने कंदील वर धरला. मी कडी ओढली. आणि तुम्हाला सांगतो, खट्ट असा आवाज झाला, आणि ते दार उघडलं. सावकाश. आत जिना.

मी आईला म्हटलं, सोड. तिने सोडलं. निळ्या कोटाचा हात खाली येईना. मी म्हटलं, आई, सोड ना. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला, दोन्ही हात मला दाखवले. तरी तो तसाच, कंदील वर धरून, पावसात.

आई बघत राहिली. म्हणाली, "अवघडेल रे त्याचा हात."

मी आत गेलो नाही. दिवा लावला की गेम संपतो. कंपनीचा फॉर्म उघडला. अडचण सुटली का, हो की नाही? बोट 'नाही'वर होतं, खोटं कशाला बोलू. सगळं मीच बंद केलंय, जगात त्याच्या नावावर एवढीच एक गोष्ट चालू उरली होती. पण दादाने तक्रारीत कधी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. 'हो' दाबलं. लगेच उत्तर आलं, कंपनीच्या मशीनचंच असणार, धन्यवाद प्रिय खेळाडू, तक्रार बंद केली आहे, लिनक्सला आमचा अधिकृत पाठिंबा नाही.

माहितीये बाबा, माहितीये.

मग मी त्याच्या नावाने नवी तक्रार उघडली. वहीतल्यासारखं सगळं लिहिलं, कुठे उभे होतो, काय दाबलं, कोणी सोडलं. बटण सोडल्यावरही कंदील धरलेला हात खाली येत नाही. मी संशयी माणूस नाही, पण यांचा भरवसा नाही, नको तेव्हा पटकन दुरुस्त करतील. खाली चौकट होती, तक्रार किती तातडीची आहे. दादा नेहमी 'अत्यंत तातडीची' निवडायचा.

मी 'घाई नाही' निवडलं आणि पाठवून दिली.