ईदला येणार का: हो / नाही

कमाल : नाय नाय मॅडम, तू वरवर बघतेस. नीट बघ. चूक फॉर्ममध्येच हाय.

तेजश्री : चाचा, मॅडम काय म्हणता हो! क्लास संपून चार महिने झाले. नुसतं तेजश्री म्हणा.

कमाल : शिकवलंस ना? मग मॅडमच. सहासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला वेबसाइटचं ते पीएचपी शिकवायला कर्जतमध्ये दुसरं कोण तयार झालं होतं? आता ऐक. फॉर्म दिसतो. बटण दाबलं की "धन्यवाद" येतं. पण माझ्या पोरांपैकी एकाचंही नाव डेटाबेसच्या टेबलात येत नाय.

तेजश्री : मागे मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येत होती, ती गेली?

कमाल : ती मीच घालवली. कनेक्शनच्या खाली ती यूटीएफवाली ओळ टाकली. त्याच्या आधी 'ॲक्सेस डिनाइड' येत होतं. मी बावळट, डेटाबेसच्या पासवर्डच्या जागी माझा ईमेलचा पासवर्ड टाकून बसलेलो. ते सापडायला दोन दिवस गेले. पण बरे गेले. नायतर या घरात दिवस जाता जात नाय गं.

तेजश्री : बरं, फॉर्म आहे कशाचा?

कमाल : बकरी ईदचा. हे वाच. नाव. ईदला येणार का, हो किंवा नाय. किती जण. कुठल्या दिवशी. मोहोपाड्याला कंपनीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली मी. मागणीची चिठ्ठी आल्याशिवाय मॅनेजरला पण नटबोल्ट दिला नाय. चिठ्ठी आली की काम सोपं. काय पायजे, किती पायजे, खाली सही.

तेजश्री : आणि मुलांकडून चिठ्ठी घेताय! अहो, सरळ फोन करायचा ना.

कमाल : केले फोन. पोरांची अम्मी, शकिला, होती तोवर ती गाठायची सगळ्यांना. रडायची, भांडायची, पण आणायची. ती गेली, आणि आता मी फोन केला की तिघं एकच बोलतात, "इन्शाल्ला, अब्बा." इन्शाल्ला बोलल्यावर बापानं पुढं काय विचारायचं? गेल्या ईदला मी बारा जणांचा स्वयंपाक केला. मी आणि कामाला येणारी कोंडी, दोघांनी चार दिवस खाल्ला.

तेजश्री : अगं बाई.

कमाल : म्हणून फॉर्म. हो नायतर नाय. तिसरं बटणच ठेवलं नाय मी.

तेजश्री : थांबा, टेबल उघडते. चाचा, तुम्ही तर म्हणालात एकही नाव नाही. इथे चौदा ओळी आहेत. हमदान, हो, पाच जण. सदफ, हो, चार जण. मुनव्वर, हो, तीन जण. परत हमदान, हो...

कमाल : ते माझे हाय.

तेजश्री : म्हणजे?

कमाल : चाचणी केली. चाचणीला कोणाचं तरी नाव टाकावं लागतं ना? तूच शिकवलं होतंस, खऱ्यासारखी माहिती भरून बघा म्हणून.

तेजश्री : हो, पण सगळ्यांचं "हो"च? "नाही" कोणीच नाही?

कमाल : ते तपासायचं राह्यलं.

तेजश्री : मग मी तपासते. नाव, तेजश्री. येणार का, नाही. पाठवा... हे बघा. 'अनडिफाइन्ड अरे की'.

कमाल : बघ! बोललो ना मी, चूक हाय म्हणून! हीच ती!

तेजश्री : चूक आहे, पण तुम्ही शोधताय ती ही नाही. "नाही" निवडलं की तुमचा 'किती जण'चा रकाना बंद होतो. बंद रकाना फॉर्मबरोबर जातच नाही, आणि तुमचा कोड तो मागत बसतो. आधी विचारायचं, आहे का, आणि मगच घ्यायचं. एका ओळीचं काम. पण कोणी "हो" म्हणालं असतं तर ते टेबलात आलंच असतं. मुलांना फॉर्म पाठवला कसा तुम्ही?

कमाल : ग्रुपवर लिंक टाकली. सत्तावीस दिवस झाले. हा घे फोन, वर सरकव.

तेजश्री : ...चाचा.

कमाल : काय गं?

तेजश्री : तुम्ही ही लिंक फोनवर कधी उघडून पाहिलीत?

कमाल : मी कशाला उघडू? मला इथं कंप्युटरवर रोज दिसतो की फॉर्म.

तेजश्री : ही लोकलहोस्टची लिंक आहे. लोकलहोस्ट म्हणजे 'हेच मशीन'. तुमचा फॉर्म फक्त या टेबलावरच्या कंप्युटरमध्ये आहे. हमदानभाईंनी दोह्यात बसून दाबलं, तर त्यांचा फोन तो स्वतःच्याच पोटात शोधणार. मिळणार कुठून?

कमाल : म्हणजे पाकिटावर पत्ता म्हणून मी "आमच्या घरी" एवढंच लिहिलं?

तेजश्री : अगदी तेच केलंत. पहिल्यांदा सगळेच करतात. मीसुद्धा केलं होतं.

कमाल : म्हणजे त्यांना फॉर्म गेलाच नाय?

तेजश्री : नाही गेला.

कमाल : या अल्ला! अगं मग पोरांची काय चूक? आणि मी इथं बसून त्यांना नको नको ते बोललो मनातल्या मनात. सदफला तर मी परवा फोनवर नीट बोललो पण नाय. कोंडे! अगं कोंडे! इकडं ये!

कोंडी : काय झालं? भांडी राह्यलीत माझी. वाडीवर परत जायला उशीर व्हतो मला.

कमाल : वरच्या खोलीतल्या गाद्या काढ. उन्हात टाक.

कोंडी : किती काढू?

कमाल : सगळ्या काढ! पोरांना फॉर्म गेलाच नव्हता. लिंक उघडतच नव्हती. माझीच चूक!

कोंडी : मला त्यातलं काय कळत नाय. पण येक सांगा, उघडत नव्हती, तं कोण बोललं कसं नाय?

कमाल : काय?

कोंडी : न्हाय, आमच्या वाडीत कोणाचा फोन नाय लागला तं दुसऱ्या दिवशी मानूस येतं इचारायला, का रं, फोन का नाय लागत तुझा? तुमची तिघं पोरं. येक तरी बोललं आसतं, अब्बा, हे उघडत नाय म्हनून.

तेजश्री : कोंडीमावशी, तुम्ही जा ना, गाद्या काढा.

कोंडी : जाते. मी आपलं इचारलं.

(कमाल ग्रुपवरचे मेसेज पुन्हा वर सरकवतो. वर गाद्या ओढल्याचा आवाज येतो.)

कमाल : मुनव्वरनं अंगठा दिला होता. त्याच दिवशी. हा बघ.

तेजश्री : हो, दिसतोय.

कमाल : मुनव्वर पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत हाय. त्याला लोकलहोस्ट म्हणजे काय ते कळतं?

तेजश्री : कामात असतात हो माणसं. चालता चालता बघतात, अंगठा देतात.

कमाल : मी काय विचारलं?

तेजश्री : कळतं, चाचा. लिंक नुसती वाचली असती तरी कळलं असतं.

कमाल : हं. वाचली असती तर हसला असता माझ्यावर. अब्बा, हे काय केलंत म्हणून फोन केला असता. मला चाललं असतं गं, हसला असता तर.

तेजश्री : असं नका ना बोलू. ऐका, इंटरनेटवर क्लासच्या होस्टिंगमध्ये माझी थोडी जागा आहे. तुमचा फॉर्म आणि डेटाबेस तिकडे टाकते. दहा मिनिटांत होतं. तुम्ही चहा टाका तोवर.

कमाल : तुझा चहा बिनसाखरेचा ना?

तेजश्री : नाही हो, दोन चमचे. आणि ते चौदा "हो" काढून टाकू ना? रिकामं टेबल द्यायला हवं.

कमाल : काढ. खोटेच हाय ते.

तेजश्री : गेले. "नाही"वाली ओळही दुरुस्त केली. हे बघा, माझ्या फोनवर उघडला फॉर्म. वायफाय बंद करून बघते... उघडला. आता दोह्याहून उघडेल, मुंब्र्याला सदफताईंकडे उघडेल, पुण्यालाही उघडेल. घ्या, ही लिंक. ग्रुपवर टाका.

कमाल : चहा घे आधी.

तेजश्री : घेते. लिंक टाका ना. नाहीतर द्या फोन, मी टाकते.

कमाल : नको. थांब जरा.

तेजश्री : चाचा, ईदला अकराच दिवस राहिलेत.

कमाल : ठाऊक हाय मला. सत्तावीस दिवस रोज सकाळी उठून मी चूक शोधत बसलो. कधी वाटायचं कंस राह्यला, कधी वाटायचं अर्धविराम राह्यला. सापडत नव्हती, पण बरं वाटायचं. माझीच हाय ना, सापडेल कधीतरी. आता ही लिंक टाकली, आणि तरी कोणी भरला नाय, तर मग मी चूक कुठं शोधू?